ताईच्या वाफ्यातली माती

"ओत अजून," ताई म्हणाली.

धाकटीने झारी वाकडी केली. पाणी वाफ्यावर पडलं, जरा थबकलं आणि आत न मुरता कडेने वाहत पायवाटेवर आलं.

"बघितलंस? माती पाणी पीतच नाही. आणि एखादं गांडूळ शोधून दाखव बरं. पूर्वी खुरपं घातलं की वळवळायची. आता रोपं उपटली तर मुळं बघ, केसांसारखी."

धाकटीने मूठभर माती दाबून पाहिली. ढेकूळ होईना, नुसता भुगा. त्यात बारीक हिरवे कण होते. शेवाळ असेल म्हणून तिने एक कण बोटांत चोळला, पण डाग पडला नाही. ताणला, तर तो लांबला.

हा हिरवा रंग तिच्या रोजच्या ओळखीचा होता. धाकटी ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या कारखान्यात चाळणीवर कामाला होती. पूर्वी तिथल्या बायका एकेक पिशवी हाताने फोडून कचरा ओतून घेत आणि पिशव्या बाजूला टाकत. मग पानाचं चित्र छापलेल्या हिरव्या पिशव्या आल्या. मुकादम म्हणाले, "या फोडत बसू नका. मातीत विरघळतात. सरळ यंत्रात ढकला." हाताला घाण नाही, काचा लागण्याची भीती नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं बायकांना झालं. आणि मुकादमांवर अविश्वास तरी का दाखवायचा? नवऱ्याच्या आजारपणात धाकटीची नोकरी टिकली ती त्यांच्यामुळेच. त्यांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. त्याच शब्दावर तिने ताईच्या रोपवाटिकेत पोत्यामागून पोती आणून टाकली होती. "डोळे मिटून टाक, ताई. माझ्या हातचं आहे," असंही वर म्हणाली होती. ताईने खरंच डोळे मिटून टाकलं.

"मी मुकादमांना विचारते," धाकटी आता म्हणाली. "त्यांना पत्ता नसणार. कळलं तर आकाशपाताळ एक करतील."

"विचार. पण लवकर विचार. ही माती वाया गेली तर मी कुठं रोपं लावू, तुझ्या अंगणात?"

सुट्टीच्या दिवशी ती मुकादमांच्या घरी गेली. मागच्या दारी टोमॅटो लगडले होते. वहिनी खुडत होत्या. सवयीने धाकटीने मातीत हात घातला. माती ओलसर, भुसभुशीत होती, आणि बोटाशी एक गांडूळ वळवळलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"वहिनी, बघा आपल्या खताची करामत! मी उगाच घाबरले."

"छे गं!" वहिनी हसल्या. "तुमचं खत यांनी कुंपणाच्या आत येऊ दिलं तर शपथ! हे शेणखत आहे, लांबून आणवतात. मी म्हटलं, फुकटचं सोडून हे कशाला? तर म्हणतात, त्यात पिशव्यांचा चुरा असतो, माती मरते."

मुकादम चहाचा कप घेऊन दारात आले होते. त्यांनी ऐकलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"अगं, पिशव्या वरून आल्या. आपण हुकमाचे ताबेदार."

"मी ताईकडे पोती नेत होते. तुम्ही हात लावून माझ्या डोक्यावर चढवत होतात."

"तू कधी विचारलंस? आणि सांगून काय झालं असतं? तुम्ही बायका पुन्हा हाताने फोडत बसला असतात. उन्हातून आलीस, चहा घे."

तिने चहा घेतला नाही. माणूस चुकतो हे तिला कळत होतं. पण हा चुकला नव्हता. स्वतःचे टोमॅटो जपून तो तिच्या डोक्यावर पोतं ठेवत होता, वर "सांभाळून जा" म्हणत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रस्ताभर ती रडली.

ताईला तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"तुला माहीत नव्हतं?" ताईने विचारलं.

"नाही गं."

"हं." ताईने मातीवरून हात फिरवला. "चाळून निघेल?"

"मोठे तुकडे निघतील. बारीक चुरा मातीबरोबरच खाली पडणार. मी रोज चाळणीवरच असते ना, ताई."

एवढ्यात फाटकातून एक बाई आल्या आणि गुलाबाच्या रोपांपाशी थांबल्या. "ही छान दिसतायत. चार द्या."

"ही नका नेऊ," ताई म्हणाली. "मातीत प्लास्टिक आहे."

"अगं बाई! तुमच्याकडे? कुठून आलं?"

धाकटी मान खाली घालून उभी राहिली. आता ताई बोट दाखवणार, परक्या बाईसमोर तिची खरडपट्टी काढणार. त्याची तिने मनाची तयारी केली होती.

"खतातून आलं," ताई म्हणाली. "कुणीतरी आणून दिलं होतं."

बाई हळहळत निघाल्या. धाकटीने त्यांच्यासाठी फाटक उघडलं. त्या गेल्यावर ते लावून आत राहावं की आपणही जावं, हे तिला कळेना. ती फाटक धरून तशीच उभी राहिली.