डोंगराआडची बांगडीवाली

“बांगडीवाली कुठं गेली?”

दुपारचा खेळ नुकताच सुटला होता. कळंबच्या थिएटरच्या पायरीवर बब्रुवान लोमटे यांनी महेबूबभाईंची वाट अडवली आणि हा प्रश्न असा विचारला, जणू ती बाई महेबूबभाईंच्या खिशातच होती.

“कोण बांगडीवाली?” महेबूबभाई म्हणाले.

“कोण म्हंजे? चार दिसापासनं गावभर तुमचाच भोंगा वरडायलाय न्हवं? ‘पाहा, पाहा, लोखंडी पाहुणा, नव्या रूपात! पाहा डोंगराआडची बांगडीवाली!’ मी आडतीवर सोयाबीन तसंच टाकून आलो वो तिच्यासाठी. डोंगर दावला. डोंगरावरून कॅमेरा पलीकडं नेऊन डोंगराच्या आडचंबी दावलं. आड काय बी न्हाय! नुसती वाळू!”

“तीनशे कोट घातले म्हणं,” धुरपदाबाई कठड्याला धरून उतरत म्हणाल्या. त्या बब्रुवानच्या थोरल्या भावजय. “तीनशे कोटात एक बाई बसवता येईना त्यास्नी? जुन्यात कशी झ्याक होती. हिरवं लुगडं, नाकात चमकी. अजून डोळ्यांपुढं हाय माझ्या.”

महेबूबभाईंनी रुमालानं कपाळ पुसलं. जुन्या पिच्चरमध्ये हिरवं लुगडं नव्हतं, चमकी नव्हती, आणि मुळात बाईच नव्हती. ही गोष्ट साऱ्या जिल्ह्यात एकट्या महेबूबभाईंना ठाऊक होती. निदान ते तसं समजत होते.

तरणेपणी ते एका फिरत्या टॉकीजमध्ये माइकवर होते. सोनारीच्या काळभैरवाची जत्रा, माकणीकडची गावं, कळंबचा बाजार, असा तंबू बैलगाडीत घालून हिंडायचा. एका वर्षी मालकानं कुठूनतरी स्वस्तात इंग्रजी पिच्चर आणला. दूरच्या ग्रहावर माणसं जातात, भांडतात, परत येतात आणि लोखंडी यंत्रमाणसाला तिथंच विसरतात, असं काहीतरी त्यात होतं. मालक म्हणाला, “महेबूब, तू मराठीत सांग.” महेबूब म्हणाला, “मला इंग्रजी येत न्हाय.” मालक म्हणाला, “मग तर लईच बरं. अडखळायचा न्हाईस.”

सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण फक्त एकाच जागी होती. माणसं निघून गेल्यावर लोखंडी माणूस वाळूत एकटा उभा राहायचा, आणि बराच वेळ नुसता उभाच राहायचा. गाणं नाही, बोलणं नाही. सोनारीच्या पब्लिकनं पहिल्याच खेळाला पडद्यावर ढेकळं मारली. दुसऱ्या खेळाला लोक ढेकळं घरूनच घेऊन आले. महेबूबला घाम फुटला, आणि नेमकं त्या शांततेत तंबूच्या कापडापलीकडून बांगड्या किणकिणल्या. कापडाला लागूनच एका मणियारणीचं बांगड्यांचं दुकान होतं. लोक चमकून इकडंतिकडं बघायला लागले. महेबूबच्या तोंडून निघून गेलं, “ऐका मंडळी! त्या डोंगराच्या आड एक बांगडीवाली बसली आहे!”

ढेकळं खाली आली.

मग रोज त्या जागी लोखंडी माणूस डोंगराकडं तोंड करून बांगडी मागायचा. बांगडीवाली म्हणायची, “हात पुढं करा, माप घेते.” त्यावर लोखंडी माणूस काहीतरी बोलायचा आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पुढच्या गावांत बांगड्यांचा आवाज नव्हता, तरी बांगडीवाली राहिली. ती दाखवायला लागू नये म्हणूनच तिला डोंगराआड बसवलं होतं. तरीही धुरपदाबाईंना ती दिसली. लोकांच्या नजरेला कोण काय करणार?

तंबू गेला, टॉकीज गेली. महेबूबभाई रिक्षावर भोंगा बांधून जाहिराती करायला लागले. साड्यांचा सेल, डोळे तपासणी, हरवलेली म्हैस. पुढं आवाज पेनड्राइव्हमध्ये भरता यायला लागला. आता त्यांचा आवाज गावभर हिंडायचा आणि ते घरी बसायचे. कधी जेवताना दारावरून त्यांचाच आवाज जायचा आणि ते सवयीनं म्हणायचे, “कोण वरडायलंय रं एवढं?” नव्या पिच्चरची जाहिरातही थिएटरवाल्यानं त्यांच्याकडूनच भरून घेतली. कागद दिला नाही. “तुम्हाला स्टोरी पाठच हाय की,” म्हणाला. महेबूबभाईंनी पाठ होती ती सांगून टाकली.

पण त्यांना भीती बब्रुवानची नव्हती. भीती सायराबीची होती, आणि सायराबी संध्याकाळच्या खेळाला येणार होती.

सायराबी म्हणजे त्या मणियारणीची पोरगी. जत्रेत तिला तंबूत जायची परवानगी नव्हती. अख्खी जत्रा तिनं पिच्चर कापडाबाहेरून ऐकला. तेव्हा तिचं लग्न परांड्याच्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, पोराशी ठरत आलं होतं. तिनं आईला सांगितलं, “त्यो लोखंडाचा असून बाईसाठी वाळूत हुबा ऱ्हातो. ह्याला माझ्यासाठी सायकलवरून उतरायचा कटाळा. मला नक्को.” सोयरीक मोडली. दोन वर्षांनी महेबूबचं स्थळ आलं, तिनं हो म्हटलं. ही हकीकत ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायची, आणि हकीकत सुरू झाली की महेबूबभाई पाणी प्यायला उठायचे. बायकोनं एका बाईच्या भरवशावर आयुष्य ठरवलं, आणि ती बाई त्यांनी ढेकळांच्या भीतीनं तोंडातून काढली होती. हे तिला कळलं तर? फुफीच्या पोराचं परांड्यात आता दुमजली हार्डवेअरचं दुकान होतं.

घरी आले तर सायराबी नव्या बांगड्या भरून तयार. घरात ती दखनी बोलायची, पण या पिच्चरविषयी मराठीतच, कारण पिच्चर तिनं मराठीत ऐकला होता.

“पिच्चर बेकार हाय म्हणं,” महेबूबभाई चप्पल काढता काढता म्हणाले. “पब्लिक शिव्या घालायलंय.”

“पब्लिकला काय कळतंय?”

“डोळे दुखतेत म्हणं. लाइटी लई मारल्यात.”

“म्या कुठं बघायला चाललेय? ऐकायला चाललेय.”

तेवढ्यात सून जास्मिन मोबाइल घेऊन आली. “अब्बा, अम्मी, जुना पिच्चर सापडला! अख्खा हाय. हे बघा ती वाळू.”

महेबूबभाईंचं पाणी प्यायचं राहून गेलं. बोटभर पडद्यावर लोखंडी माणूस उभा होता. बाजूला डोंगर. शांतता. जास्मिननं आवाज पूर्ण वाढवला. वाढवलेली शांतता ऐकू आली.

“ह्यात तर बांगडीवाली न्हाय,” जास्मिन म्हणाली.

सायराबीनं मोबाइल हातात घेतला, कानाला लावला, फोन आल्यासारखा. बराच वेळ ऐकलं. मग परत दिला.

“नकली हाय,” ती म्हणाली.

“अम्मी, हाच ओरिजिनल हाय.”

“ओरिजिनलच नकली काढलाय.”

महेबूबभाई भिंतीला टेकले. हायसं वाटलं म्हणावं, तर तसंही नव्हतं. धडधडीत पुरावा समोर असताना तिनं तो नाकारला. त्यांच्यासाठी नाकारला, की बांगडीवालीसाठी? काही कळेना. आणि हे फक्त घरातलं नव्हतं. थिएटरला जाताना चौकात पाहिलं तर तिथंही लोक मोबाइलभोवती गोळा झालेले, आणि निकाल तोच. कुणी म्हणालं, सेन्सॉरनं कापली. कुणी म्हणालं, नव्या डायरेक्टरला बांगडीवाली नको होती, म्हणून त्यानं जुन्यातूनही काढायला लावली. पैसा असला की काय होत नाही? हॉटेलवाला धुळाप्पा शपथेवर सांगत होता की माकणीच्या जत्रेत त्यानं तिच्याकडून बहिणीसाठी बांगड्यासुद्धा घेतल्या होत्या.

“कुणाकडून?” महेबूबभाईंनी विचारलं.

“तिच्याकडूनच की. पिच्चरमधली ती.”

महेबूबभाईंना क्षणभर वाटलं, आपणच काहीतरी विसरतोय. असेलही बाई. आपल्यालाच तेव्हा माइकवरून नीट दिसलं नसेल.

थिएटर निम्मं भरलं होतं. मागच्या रांगेत बब्रुवान आणि धुरपदाबाई पुन्हा हजर.

“परत?” महेबूबभाई म्हणाले.

“दुपारी डुलकी लागली आसंल मला,” बब्रुवान म्हणाले. “तेवढ्यात येऊन गेली आसंल ती. तपासून घेतो.”

पिच्चर सुरू झाला. यानं उडाली, ग्रह फुटले, खुर्च्या हादरल्या. सायराबी डोळे मिटून बसली होती. महेबूबभाईंना एकच जागा दिसत होती, आणि ती जवळ येत होती. माणसं भांडली. यान निघून गेलं. लोखंडी माणूस वाळूत उभा राहिला. हा नवा होता, उंच, चकचकीत. पण उभा अगदी तसाच राहिला, जुन्यासारखा.

आवाज थांबला.

कोणीतरी खोकलं. कोणीतरी “चालू करा की!” असं ओरडलं. महेबूबभाईंनी नकळत मूठ तोंडापाशी नेली, माइक धरल्यासारखी, आणि तशीच ठेवली.

शेजारी बांगड्या किणकिणल्या.

“आली!” मागून बब्रुवान अर्धे उठले. “म्या म्हणलो न्हवतो? आली!”

सायराबीनं डोळे उघडले नाहीत. जत्रेतल्या पोरीच्या आवाजात, अगदी हळू, ती म्हणाली, “हात पुढं करा, माप घेते.”

मागच्या दोन-तीन रांगा गप्प झाल्या. मग तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

“आता तुमचं.”

“माझं काय?”

“लोखंडी माणसाचं. तुमीच बोलायचा की.”

महेबूबभाईंची मूठ खाली आली. “तुला... तुला ठावं होतं?”

“अवो, लोखंडाच्या माणसाला ठसका लागतो व्हय? एकदा तर मधीच म्हणला, ‘मालक, च्या सांगा.’ म्या कापडाला कान लावून हुबी. मलाच सांगायलाय वाटलं. नेऊन दिला की च्या तंबूच्या दाराशी!”

तो चहा महेबूबभाईंना आठवला. मालकानं पाठवला, असंच ते आजवर समजत होते.

“मग ती सोयरीक? फुफीचा पोरगा? पिच्चरपायी मोडलीस न्हवं?”

“त्याच्या तोंडाचा वास यायचा. आसं चारचौघांत सांगता येतं व्हय? म्हणून पिच्चरवर ढकललं. बोला आता, लोक थांबल्यात.”

महेबूबभाईंनी तोंड उघडलं. लोखंडी माणूस इथं काय बोलायचा? दर खेळाला निराळं बोलायचा, एवढं त्यांना आठवत होतं. बायका रडायच्या, हेही आठवत होतं. शब्द मात्र एकही येईना. इतकी वर्षं साड्यांचे सेल, डोळे तपासणी आणि म्हैस तोंडपाठ राहिली, आणि नेमकं हे कुठं पडलं कुणास ठाऊक. ज्या भीतीनं ते आयुष्यभर पाणी पीत आले ती भीती आता उरली नव्हती, आणि तिच्या जागी काय ठेवायचं तेही सुचत नव्हतं.

त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यावरून रिक्षा गेली. “पाहा, पाहा, लोखंडी पाहुणा!” त्यांचा स्वतःचा आवाज, खणखणीत, कुठंही न अडखळता, थिएटरच्या भिंतीवरून पुढं बसस्टँडकडं निघून गेला.

“म्हण काहीतरी,” सायराबी पुटपुटली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्यांना अरेतुरे केलं होतं.

महेबूबभाईंनी उजवा हात पुढं केला.

सायराबीनं तो घेतला. अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची मुळं एकत्र आणून दाबली, आईच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हात दाबायची तशी. पुन्हा दाबून पाहिली.

“सुजलाय,” ती म्हणाली. “कुठलीच बसायची न्हाय आता.”

पण हात सोडला नाही. पडद्यावर लोखंडी माणूस अजून उभाच होता.

“काय म्हणला त्यो?” मागून बब्रुवान कुजबुजले.

“काय न्हाय,” धुरपदाबाई म्हणाल्या. “माप घ्यायलीय ती. गप बसा.”