मानेतली भेग

चांदूर रेल्वे गावाच्या अलीकडे देवीदासची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. डोळा भरावा तर देवीदासनेच, असं त्या भागात लोक म्हणतात. डोळा भरणं म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चाकूने चिरायची, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा अलगद सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की दहातले सहा डोळे वाळून जातात. देवीदासचे मात्र शंभरातले नव्वद फुटतात, तेही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. त्याला या हाताचा गर्व आहे, आणि का नसावा?

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्याच हातातून चाकू गळून पडला. उचलायला गेला तर बोटं हलेनात. हाक मारायला तोंड उघडलं तर भलतेच आवाज निघाले. दोन सऱ्यांपलीकडे पट्ट्या कापत बसलेली त्याची बायको गंगूबाई धावत आली आणि त्याचं वाकडं झालेलं तोंड बघून त्याला धरून बसली. दहा-बारा मिनिटांत हात परत आला, जीभ परत आली. देवीदासने चहा घेतला आणि पुन्हा कामाला लागला.

निदान त्याने स्वतःच करून टाकलं होतं. दिवसभर मान खाली घालून बसल्याने शीर दबली. उपायही घरचाच. संध्याकाळी नत्थुजी न्हाव्याकडे जायचं, मान चोळून घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी कडकन मोडून घ्यायची. वीस वर्षांत प्रत्येक दाढीनंतर त्याने ती मोडून घेतली होती, त्यामुळे त्यात वावगं काय असं त्याला वाटलं. पण सून रागिणी शाळेत शिक्षिका, आणि त्या दिवशी रविवार म्हणून घरी होती. सासूने सांगितलेलं ऐकून ती दारात आडवीच उभी राहिली. "मामाजी, मानेले कोनाले बी हात लावू देऊ नका," एवढंच म्हणाली, आणि दुपारच्या आत त्याला अमरावतीला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं, आणि दुसऱ्या दिवशी मानेच्या सोनोग्राफीसाठी डॉ. प्रमोदिनींकडे पाठवलं. सोनोग्राफी ही पोटुश्या बायांची गोष्ट, अशी देवीदासची समजूत. बाकावर दोन गरोदर बायांच्या मध्ये बसून त्याने तासभर काढला तेव्हा त्याची मान खरोखरच अवघडली.

डॉ. प्रमोदिनी पन्नाशीच्या, बारीक अंगकाठीच्या, बोलायला कमी. त्यांनी त्याच्या मानेला गार जेली लावली आणि मशीनची मूठ फिरवायला सुरुवात केली. उजवी बाजू पाच मिनिटांत झाली. डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला. मग त्या एकाच जागी पाऊण तास होत्या. मूठ किंचित तिरकी करायच्या, थांबायच्या, पडद्यावर मोजायच्या, मोजलेलं पुसून पुन्हा मोजायच्या. बाहेरून दोनदा कुणी डोकावून गेलं, त्यांनी मान वळवली नाही. देवीदास आधी कंटाळला आणि मग बघत राहिला. हात असा हलका कधी धरावा लागतो, हे त्याला माहीत होतं. या बाईला आपलं काम येतं, असं त्याने मनात म्हटलं, आणि देवीदास हे फार कुणाबद्दल म्हणत नाही.

शेवटी त्यांनी सांगितलं की मेंदूकडे रक्त नेणारी डावी नळी आतून निम्म्याच्या वर, साधारण पंचावन्न टक्के, भरली आहे. देवीदासला हायसंच वाटलं.

"अर्धी तं चालू हाये ना, म्याडम. माह्या ठिबकच्या नळ्या उन्हाळाभर अर्ध्याच चालतात."

दुसरा कुणी असता तर हसला असता किंवा रागावला असता. डॉ. प्रमोदिनींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, स्वतःच्या गळ्यावरचा पदर बाजूला केला, जेली लावली आणि मूठ आपल्याच मानेवर धरली. ही माझी नळी, म्हणाल्या, नीट बघून ठेवा. पडद्यावर दोन सरळ, स्वच्छ रेघा होत्या आणि मधून रक्त झुळझुळत होतं. मग त्यांनी त्याच्या नळीचं चित्र पडद्यावर लावलं. आतल्या भिंतीला एक फुगवटा होता. फुगवटा पांढराशुभ्र दिसला असता तर तो टणक, जुना, एका जागी बसलेला, असं त्यांनी समजावलं. याचा पोटातला भाग काळसर होता, म्हणजे मऊ, लिबलिबीत. आणि वरच्या पातळ सालीला एक भेग होती. त्या भेगेत रक्त शिरून घुटमळत होतं.

"किती साठलंय ते मी मोजलं, देवीदासजी. पण काय साठलंय, त्याची मला जास्त काळजी वाटते. त्या दिवशी इथूनच एक कण सुटून वर गेला. तो विरघळला, म्हणून तुम्ही आज बोलताय."

आता देवीदासला कुणी समजावायची गरज राहिली नाही. डिंक्या लागलेलं संत्र्याचं झाड असंच असतं. साल बाहेरून धड दिसते, नखाने खरवडली की खाली सगळं कुजलेलं. त्या रोगासाठी त्याने आयुष्यभर हजारो खोडं खरवडली होती. ही बाई न खरवडता, कातडीवरूनच, माणसाच्या आतली साल वाचत होती. त्याला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले, पण मान पुसताना जेलीने ते बरबटले होते.

एमआरआयने दुजोरा दिला. फुगवट्याच्या पोटात रक्त साकळलं होतं. अकोल्याला ऑपरेशन करून तो काढून घ्यायचा, तेही पहिल्या हल्ल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, असं ठरू लागलं. देवीदास म्हणाला, पौष संपू द्या, आत्ताच साल सुटते, डोळे भरायचे हेच दिवस आहेत. डॉ. प्रमोदिनींनी त्याला भीती घातली नाही. शंभरात दोन-तीन जणांना ऑपरेशनमध्येच लकवा होतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. भेग तशीच ठेवली तर धोका त्याच्या कितीतरी पट, आणि सगळ्यात जास्त याच पंधरवड्यात, हेही सांगितलं. इतका वेळ कोपऱ्यात उभ्या असलेल्या गंगूबाईने एकच विचारलं, यांचा हात राहीन का? त्यासाठीच करायचं, डॉक्टर म्हणाल्या. देवीदासने मग पौषाचं नाव काढलं नाही.

अकोल्याच्या ऑपरेशनची तऱ्हा निराळीच. मान बधिर करतात, माणूस जागा ठेवतात. नळीला दोन्हीकडून चिमटे लावले की त्या बाजूचा मेंदू दुसऱ्या वाटेने येणाऱ्या रक्तावर भागवतो. भागतंय की नाही हे कळायला रोग्याला बोलतं ठेवायचं आणि उजव्या हातात रबरी बदक द्यायचं. दाबलं की चीं वाजतं. बदक किंवा बोलणं बंद पडलं तर तात्पुरती नळी घालून रक्त चालू करायचं, पण ती घालण्यातही कण सुटण्याची भीती असते.

भूल देणाऱ्या डॉ. श्रावणी उशाशी बसल्या होत्या. चिमटे लागले आणि त्यांनी विचारलं, काका, कलम कसं बांधतात? बस्स. देवीदासने जंबेरीच्या बियांपासून सुरुवात केली. बदक ठेक्यात वाजत होतं. वीस मिनिटांत कलम फुटलं, वाढलं, गिऱ्हाईकाच्या शेतात गेलं आणि विषय संपला. श्रावणींनी घाईने पुढचा प्रश्न विचारला.

"काकूंचं नाव काय?"

देवीदास गप्प. बदकही गप्प.

श्रावणींनी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. सर्जनांनी हात थांबवून तात्पुरती नळी मागितली, सिस्टरने ती उघडली. ही मंडळी शहरातली. चांदूरकडचा त्रेसष्ट वर्षांचा माणूस बायकोचं नाव नुसतं घेत नसतो, हे त्यांना कोण सांगणार? नाव घ्यायचं तर उखाण्यात. लग्नात एकदा घेतलेला उखाणा देवीदास विसरला होता, आणि विचारात पडला की त्याचे हात थांबतात. कापडाखाली तो बिचारा यमक जुळवत होता. नळी घालणार इतक्यात बदक वाजलं.

"जंबेरीच्या खुंटावर भरला संत्र्याचा डोळा, गंगूबाईचं नाव घेतो, डाक्टर झाले गोळा."

सर्जनांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. नळी परत ठेवली गेली.

डॉ. प्रमोदिनी त्या दिवशी रजा टाकून अमरावतीहून आल्या होत्या. आपण पाहिलं ते खरं होतं का, एवढं बघायला. त्यांनी पाठवलेलं फुगवट्याचं चित्र भिंतीवर चिकटवलेलं होतं. काढलेला तुकडा ताटलीत ठेवून सर्जनांनी चित्राशी ताडला. भेग त्याच जागी, तेवढीच लांब, खाली साकळलेलं रक्त. असं तंतोतंत चित्र मी फार थोड्या वेळा पाहिलंय, ते म्हणाले. डॉ. प्रमोदिनी बराच वेळ ताटलीवर वाकून होत्या. वरची कड मी जरा कमी दाखवली होती, म्हणाल्या, आणि वहीत तसं लिहून घेतलं. कापडाखालून देवीदास ऐकत होता. अशा माणसाच्या हाती आपण सापडलो, याचं त्याला फार बरं वाटलं.

बाहेर श्रावणींनी उखाण्याची गोष्ट हसत हसत सांगितली. रागिणीलाही हसू आवरेना. गंगूबाई हसली नाही. तासाभराने तिला आत सोडलं तेव्हा ती पलंगाशी येऊन उभी राहिली.

"अजून एक डाव नाव घ्या."

"काहून?"

"त्या दिसी तुमच्या तोंडातून काय निंगून राह्यलं होतं, ते मी आयकलं हाये. आता नीट निंगते का, मले माह्या कानानं आयकू द्या."

देवीदासने सिस्टरकडे बघितलं, दारात उभ्या सुनेकडे बघितलं. या खेपेला यमक शोधलं नाही.

"गंगू," तो म्हणाला.

गंगूबाईने मान हलवली, त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि तिथेच खुर्चीवर बसून रडू लागली.