बदनाम कढई आणि गोगलगायींची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि सध्या तापलेली आहे. चुलीवर नव्हे, रागाने! चीनमधल्या ल्यूचौ गावातल्या एका घराच्या गच्चीवर वर्षभर माझ्या पोटात माती भरून कांद्याची पात लावली होती. का, ते ऐका.

लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. घरच्या मालकीण मो सुफनबाईंनी तेल पाजून काळीभोर, तुळतुळीत केले. आमच्या गावाला नदीतल्या गोगलगायींचे वेड. पण बाईंची शिस्त कडक. गोगलगायी जिवंत आणायच्या. पाण्यात तेलाचे थेंब आणि लोखंडी सुरी टाकून त्यात ठेवायच्या, म्हणजे त्या चिखल ओकतात. पाणी बदलत राहायचे. मग एकेकीच्या शंखाच्या तोंडावरच्या झाकणीला बोट लावायचे. आत ओढली तर जिवंत; नाही ओढली, की थेट कचऱ्यात. चोखून खाता यावे म्हणून शंखाचे शेपूट पक्कडीने कापायचे, ते अगदी शेवटी. मग आले, लाल मिरच्या आणि आंबवलेले बांबूचे कोंब घालून मी त्यांना खडखडा परतायची आणि वर रस्सा ओतून, झाकण ठेवून खळखळून शिजवायची. पाहुणे शंख चोखत, नाक पुसत म्हणायचे, "वा, काय कढई आहे!" कष्ट बाईंचे, कौतुक माझे. मी ते निमूट जमा करून घेत असे.

गेल्या शरदातल्या पुनवेच्या सणाला बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. लेक चिउयान पहिलटकरीण, माहेरी आलेली. तेव्हा धाकटे दीर थान वेइमिन उलथणे परजत पुढे झाले. या गृहस्थांचा हिशेब सोपा: मेहनत दुसऱ्याची, वाहवा आपली.

"वहिनी, तुम्ही बसा. आज माझा हात बघाच!"

"भावजी, पाण्यात ठेवल्या होत्या ना?"

"कशाला? बाजारवालीनं सकाळीच शेपट्या कापून दिल्यात. दिवसभर स्कूटरच्या डिकीत मजेत बसल्या होत्या!"

मजेत! शेपूट कापलेली गोगलगाय मरते आणि बांधलेल्या पिशवीत, उन्हात, सडते. माझ्यात पडताच असा भपकारा उठला म्हणता!

"काका, वास येतोय," चिउयान म्हणाली.

"अगं, कोंबांचा आहे तो. सासरी जाऊन नाक नाजूक झालं वाटतं?"

सगळे हसले. आमच्या गावाची हीच खोड. आंबट कोंबांच्या वासाची इतकी सवय, की सडकी घाणही त्यांच्याच नावावर खपते. वर काका शिजूही देईनात. "जास्त शिजवलं की रबर होतं!" मोठ्या जाळावर चार हेलकावे, की ताटात. सुफनबाईंना कळले होते. मी त्यांचा चेहरा पाहिला. पण दिराचा मान राखायला त्या गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी चिउयानला उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात न्यावे लागले. बाळ वाचेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. मायलेकरं सुखरूप सुटली, तो त्यांच्या पुण्याईचा भाग. आणि ठपका कोणावर? माझ्यावर!

"जुनं लोखंड, वहिनी. गंज उतरला असणार पोटात."

माझ्या अंगावर गंजाचा ठिपका नव्हता! बाई तेव्हाही गप्प. काकांनी गुलाबी रंगाचे नवे पॅन आणून दिले आणि मी गच्चीवर आले.

यंदा पुन्हा तोच सण. चिउयान बाळाला कडेवर घेऊन आईबरोबर पात खुडायला वर आली. मागून काका, हातात पिशवी. "घे, यंदाही कापूनच आणल्यात!"

तिने बाळ आईकडे दिले, पिशवी सोडली, एकेका झाकणीला बोट लावले. एकही हलली नाही.

"काका, हुंगा."

"अगं, कोंबांचा वास..."

"कोंब अजून बरणीत आहेत, काका. खाली, स्वयंपाकघरात."

तेव्हा कुठे सुफनबाईंना वाचा फुटली. "भावजी, दोष कढईचा नव्हता. पिशवीचा होता. आणि माझ्या गप्प बसण्याचा."

पिशवी कचऱ्यात गेली. बाईंनी मूठमूठ पात उपटली, माझ्यातली माती ओतून टाकली. आत पाहिले तर गंज! तेव्हा नव्हता, आता आहे. खोटा आरोप तुम्हीच खरा करून ठेवलात! बाई विटेच्या तुकड्याने घासत बसल्या आहेत. घासा, बाई, घासा. गंज उतरेल. राग इतक्यात उतरायचा नाही.

मित्रांनो, भांडी घासा, कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. पण त्याआधी पिशवी उघडून हुंगा, आणि वास आला तर काका रुसले तरी बोला. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.