श्रावण विसरलेला हिशेब

मित्रांनो, केस कापायला गेल्यावर तुम्ही ज्या खुर्चीत बसता, तसलीच एक जुनी खुर्ची मी. सध्या हडपसरच्या पुढे एका भंगारवाल्याच्या आवारात, रिकाम्या डब्यांच्या ढिगाशेजारी पडून आहे. माझा एक हात निखळला आहे आणि गादीतला स्पंज बाहेर आला आहे. थोडी कुरकुर केली तर रागावू नका, या वयात तेवढा हक्क आहे माझा.

बारामतीच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. लोखंडी पाय, लाल रेक्झिनची गादी, मान टेकायला पाटी आणि उंची वाढवायला दांडा, असा माझा थाट होता. रामहरीने मला टेम्पोत घालून भवानीनगरला नेलं, ते त्याच्या लग्नाचं वर्ष. त्याचे वडील पेटी काखेत मारून घरोघर दाढ्या करत हिंडले. दुकान थाटणारा रामहरी घरातला पहिलाच. साहजिकच माझा मान मोठा होता. त्याची बायको पद्मा रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायची आणि मगच दार उघडायची.

बावीस वर्षं माझ्यावर कोण कोण बसलं! साखर कारखान्यातले कारकून, ऊस पिकवणारे शेतकरी, लोणी देवकरच्या कंपन्यांतून पाळी संपवून आलेले कामगार. आबासाहेब नावाचे एक बागायतदार तर दाढी होता होता माझ्यावरच घोरायचे. त्यांच्यासारखी निम्मी गिऱ्हाईकं रोजच्या रोज पैसे देत नसत. उसाचं बिल हाती आलं की वर्षाचे एकदम देत, वर ज्वारीचं एखादं पोतंही घरी टाकत. मग वर्षभर कधीही या आणि बसा.

हळूहळू गावातली तरणी पोरं बारामतीच्या काचेच्या दाराच्या सलूनमध्ये जाऊ लागली. आमच्याकडे उरली पिकली डोकी, आणि तीही दरवर्षी दोन-चार कमी व्हायची. रामहरीची झोप उडाली. एका दुपारी माझ्यावरच बसून तो पद्माला म्हणाला, "आता हातपाय हलवलं न्हाय, तर म्हातारपणी दुसऱ्याच्या दुकानात मजुरी करावी लागंल. पुण्यात आपलं स्वतःचं दुकान टाकू."

हिशेब मांडायला त्याला एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू मिळाली. पद्माच्या पाटल्या मोडून, बचत गटाचं कर्ज काढून आणि साठवलेलं सगळं घालून तीन लाख जमत होते. गाळ्याचं डिपॉझिट एक लाख वीस हजार. एजंटला एक भाडं. दोन मोठे आरसे, जुना एसी, पाट्या, परवाना, रंगकाम. दोन खुर्च्या घ्यायच्या तर पंचेचाळीस हजार जात होते. मग एकच नवी घ्यायची आणि दुसरी मी, असं ठरलं. निम्मे पैसे माझ्यामुळे वाचले याचा मला कोण आनंद झाला!

पुढे महिन्याचं गणित. रोज बारा डोकी, सरासरी शंभर रुपये. सोमवारची सुट्टी त्याने आठवणीने वजा केली होती. महिन्याला एकतीस हजारांच्या वर येत होते. त्यातून गाळ्याचं भाडं सोळा, लाइटचं बिल साडेतीन आणि राहायच्या खोलीचे सहा हजार गेले की खाण्यापुरतं कसंबसं उरत होतं. त्याने त्या आकड्याला बाराने गुणलं.

पद्माने तिथे बोट ठेवलं. "आन् श्रावणात? म्हैनाभर कुणी डोक्याला वस्तरा लावू देत न्हाय."

"बावीस वर्सांत श्रावणात आपण कवा उपाशी राहिलो का?" रामहरीने विचारलं.

पद्माने पत्रिकेवरचं बोट उचललं. श्रावणात आम्हाला जगवत होती ती ज्वारी आणि ते वर्षाचे पैसे, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

गाळा मुद्दाम अशा वस्तीत घेतला, जिथे इंदापूर आणि सोलापूरकडची माणसं राहतात. आपली माणसं आपल्याकडे येतील, हा त्यामागचा विचार. अक्षय्य तृतीयेला नारळ फुटला. लोक आलेही. पहिले तीन महिने रामहरीने पत्रिकेवरचे आकडे जवळजवळ गाठले. भाडं आणि बिलं भागली, शिल्लक मात्र काही पडली नाही.

मग श्रावण लागला. आपली माणसं आपलेच नेम पाळतात, मित्रांनो. दाढ्या वाढवलेले लोक दारावरून जाताना हात करायचे, आत यायचे नाहीत. दिवसाला दोन डोकी, कधी एकही नाही. एसी बंद राहिला. पद्मा दोन घरची भांडी घासायला जाऊ लागली. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत रांग लागली, तेवढ्यावर त्याने मागची लाइटची बिलं भरली. लगेच पितृपंधरवडा आला आणि दोन्ही खुर्च्या पुन्हा रिकाम्या झाल्या. त्या दिवसांत रामहरी कात्री नुसती हवेत चालवत उभा राहायचा, हाताची सवय जाऊ नये म्हणून. मला ते बघवत नव्हतं.

मालकाने थकलेलं भाडं डिपॉझिटमधून कापलं आणि गाळा खाली करायला सांगितलं. उरलेले पैसे बचत गटाकडे गेले. आरसे गेले, नवी खुर्ची निम्म्या किमतीत गेली. मला मात्र कुणी विचारेना. शेवटी भंगारवाला काटा घेऊन आला.

"हिला तरी ठिवा," पद्मा म्हणाली. "भवानीनगरला माघारी जाऊ."

"तितला गाळा दुसऱ्यानं घेतला, पद्मा. हिला ठिवायची कुठं?" एवढं बोलून रामहरीने स्वतःच मला उचलून काट्यावर ठेवलं. आठशे चाळीस रुपये झाले. त्याचा मला राग नाही. त्या दिवशी त्यांच्या घरात पीठ नव्हतं.

मित्रांनो, माझी डागडुजी करा, मला घरी न्या, असं मी म्हणणार नाही. माझं लोखंड वितळेल आणि त्याचं दुसरं काहीतरी होईल. पण मोठ्या शहरात तुम्ही एखाद्या झगमगीत सलूनमध्ये गेलात, तर सगळ्यात आतल्या खुर्चीमागे एक पन्नाशीचा माणूस उभा दिसेल, कदाचित माझा रामहरीच. त्याला पगार नाही, डोक्यामागे पैसे मिळतात. पोरं त्याच्याकडे जात नाहीत, तरण्या कारागिरांसाठी ताटकळत बसतात. तुम्ही थांबू नका. सरळ आत जा आणि त्याच्या खुर्चीत बसा. त्याचा हात फार हलका आहे.