आधी दाबणारा पाय

गल्ली जिथे हमरस्त्याला मिळते तिथे आत्याची गाडी रोज सकाळी क्षणभर मेल्यासारखी व्हायची. आत्या ॲक्सिलरेटरचं पेडल दाबायची, गाडी जराशी सरकायची, आणि मग काहीच नाही. आरशात मागची वाहनं मोठी होत जायची. मग बॉनेटखाली बारीक शीळ वाजायची आणि गाडी कुणी मागून ढकलल्यासारखी सुसाट सुटायची. शेजारी बसलेल्या भाचीचा उजवा पाय तोवर रबरी मॅटवर गच्च रुतलेला असायचा.

“मॅटला भोक पडेल,” आत्या म्हणायची. “तुझ्या बाजूला पेडल नाहीये.”

आत्या नर्स होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधायची. त्या घरांपाशी दुसरं कुठलंच वाहन जात नसे, त्यामुळे गाडी गेली की काम गेलं. आणि गाडी जायची वेळ आलीच होती. गेल्या महिन्यात त्याच वळणावर मागून आलेला एक ट्रक तिच्या बंपरला चाटून गेला. भाचीच्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, जेवताना जाहीर केलं की पुन्हा असं झालं तर किल्ली त्यांच्याकडे राहील. “ताई, वय झालं असं मी म्हणत नाहीये,” ते म्हणाले. ते नेमकं तेच म्हणत होते हे सगळ्यांना कळलं. आत्याने शांतपणे ताटातलं संपवलं.

भाची इंजिनांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. दोष वयाचा नाही, टर्बोचा आहे, हे तिला माहीत होतं. टर्बोचं चक्र इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतं, आणि फिरलं की इंजिनात जास्त हवा कोंबतं. पण इंजिन हळू चालत असताना वायूच कमी, म्हणून चक्र सुस्त. चक्र सुस्त म्हणून हवा कमी. हवा कमी म्हणून वायू कमी. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

यातून एक वाट निघत होती. या इंजिनाला आपल्या झडपांच्या उघडझापीची वेळ चालता चालता बदलता येत होती. हवा आत घेणारी झडप थोडी लवकर उघडली आणि वायू बाहेर सोडणारी थोडी उशिरा मिटली, तर काही क्षण दोन्ही एकदम उघड्या राहतात. त्या फटीतून ताजी हवा आरपार वाहते आणि चक्राला लवकर जागं करते. भाचीला रविवारपर्यंत धीर धरवेना. तिने ऑफिसात रजा टाकली आणि गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. झडपांची वेळ बदलणारा तेलाचा वॉल्व्ह काळ्या गाळाने चिकटला होता. तो त्याने धुऊन दिला. मग तिने लॅपटॉप जोडून झडपांच्या वेळेचे आकडे बदलायला घेतले. पहिल्या खेपेला तिने फट सगळ्याच वेगांवर वाढवली, आणि गाडी जागेवर उभी असताना हुडहुडी भरल्यासारखी थरथरायला लागली.

“हिला आधी पांघरूण घाला,” मेकॅनिक म्हणाला.

मग तिने ती फट फक्त कमी वेगावर, पेडल जोरात दाबल्यावरच उघडेल अशी केली. स्वतः चालवून पाहिलं, परत आली, एक आकडा हलवला, पुन्हा गेली. चहा तिथेच निवला. संध्याकाळी गाडी पाय ठेवताच वेग घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याशेजारी बसली. वळणावर एक लांबलचक ट्रक समोरून जात होता. त्याचं शेपूट अजून पुढ्यातच होतं, आणि गाडीने झेप घेतली. आत्याने करकचून ब्रेक दाबला. ट्रकची मागची चाकं बॉनेटच्या वीतभर पुढून गेली.

आत्याने हँडब्रेक ओढला. मग आत्या म्हणाली, “गाडी सुधारली. मी सुधारायची राहिले.”

आत्याने गाडी तशीच माघारी वळवली. बाबांनी किल्ली मागितली नाही, आत्याने स्वतःच ती टेबलावर ठेवली. भाची स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. आकडे बरोबर होते, गाळ निघाला होता. मग चुकलं काय? ती फेऱ्या मारता मारता मध्येच थांबली. सकाळी तिचा स्वतःचा पाय मॅटवर केव्हा दाबला गेला होता? ट्रक अजून समोर असताना. रोज तेव्हाच दाबला जायचा, कारण रोज आत्याचाही तेव्हाच दाबला जात होता. गाडी उशिरा उठते म्हणून आत्या कित्येक वर्षं तिला आधी उठवत आली होती. आणि भाचीने गाडी दिवसभर तपासली ती आपल्या पायाने, आत्याच्या नाही.

तिने जुने आकडे परत घालायची तयारी दाखवली. बाबांनाही ते पटलं.

“नको,” आत्या म्हणाली. “ट्रक जाईलच असं धरून मी रोज निघत होते. एखाद्या दिवशी तो थांबला असता तर?” मग भावाकडे वळून म्हणाली, “तू मागे बस. एकदा बघ. नंतर किल्ली कुणाची ते तूच ठरव.”

आधी एका मोकळ्या मैदानात आत्याने थांबून निघायचा सराव केला, इतका, की मागे बसलेल्या बाबांना मळमळायला लागलं. मग तिघं वळणावर आली. ट्रक आला. आत्याने पाय ब्रेकवरून काढून पेडलकडे नेला, आणि तो मध्येच थबकला. पायाला जायचं होतं, ती जाऊ देत नव्हती. ट्रकचं शेपूट सरकलं, रस्ता मोकळा झाला, तरी ती एक श्वासभर थांबली. मग दाबलं. गाडी शीळ न घालता सरळ रस्त्याला लागली.

बाबा मागून म्हणाले, “समोर बघून चालव, ताई.” किल्लीचं नाव त्यांनी काढलं नाही.

भाचीने खाली पाहिलं. तिचा पाय मॅटवर रुतलेला होता, ट्रक समोर असल्यापासूनच.