अकरा टाके आणि पाय धुण्याची बादली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बादली आहे, आणि शंभरी केव्हाच ओलांडली तरी माझं काम अजून सुटलेलं नाही. अमेरिकेतल्या ओहायोत, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या एका लहानशा मंडळीच्या उपासनाघरात, माळ्यावर, माझ्या तीन बहिणींशेजारी मी पालथी पडून असते. वर्षातून दोनदाच मला खाली नेतात, एकदा वसंतात आणि एकदा पानगळीत. एवढ्याशा कामावर इतकी वर्षं पोसलेली बादली तुम्ही पाहिली नसेल.

मला क्रिस्टियन हर्शबर्गर नावाच्या कारागिराने घडवलं. देवदाराच्या पट्ट्या, दोन लोखंडी कड्या, आणि सबंध अंगात एकही खिळा नाही. काम इतकं छान उतरलं की त्याने माझ्या बुडाशी आपलं नाव कोरायला घेतलं. पहिलं अक्षर अर्धं झालं आणि तो एकदम थांबला. मग त्याने रंधा फिरवून तेही पुसून टाकलं. या माणसांत आपलं नाव मिरवणं बसत नाही.

माझं काम पाय धुण्याचं. प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन झाला की बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले, म्हणून ही माणसंही धुतात. जोडीदार निवडायची सोय नाही. सगळे वयाप्रमाणे बाकावर बसतात आणि पुढून दोनदोन अशा जोड्या पडतात. तीनशे एकरांची मालकीण आपल्याच घरी धुणं धुणाऱ्या बाईसमोर गुडघे टेकते, तिची टाच हातात धरते, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. मी आजही ते पाहताना दबून जाते.

या मंडळीची तत्त्वं कोणती, असं तुम्ही विचाराल, तर दाखवायला भिंतीवर पाटी नाही. भिंती कोऱ्या आहेत. मला जे कळलं ते माळ्याच्या फटींतून ऐकून कळलं.

प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी खाली सभा भरते. बिशप एकेकापाशी जातात आणि प्रत्येक जण म्हणतो, "मी देवाशी आणि माणसांशी शांतीत आहे." एकाने जरी नाही म्हटलं, तरी प्रभुभोजन कोणालाच नाही. मग सगळी मंडळी थांबते. आधीची साठेक वर्षं मी कधी 'नाही' ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, ही आपली एक रीत आहे, तोंडपाठ झालेली.

मग एका वसंतात बिशप ईनॉस एल्टा मास्टपाशी पोचले, आणि ती म्हणाली, "मी शांतीत नाही."

एवढी शांतता झाली की मला वाटलं सगळे घरी गेले.

गोष्ट घडली होती हिवाळ्यात; मला ती नंतर खालच्या बोलण्यातून कळली. दूरदेशीच्या निर्वासितांसाठी बायका व्हेर्ना शेटलरच्या घरी गोधडी शिवायला बसल्या होत्या. व्हेर्ना आणि एल्टा साठीच्या, बारा दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या. लहानपणापासून बाकावर शेजारीशेजारी. व्हेर्नाचा टाका म्हणजे मुंगीच्या पावलाएवढा. एल्टाची बोटं सांधेदुखीने सुजलेली, त्यामुळे तिचे टाके लांब पडायचे. संध्याकाळी सगळ्या पांगल्या. वाटेत एल्टाला चष्मा विसरल्याचं आठवलं. ती परत आली, तर व्हेर्ना गोधडीवर वाकून तिचे टाके उसवत होती.

"अगं, दोनचार सैल झाले होते, म्हणून म्हटलं—"

"अकरा आहेत," एल्टा म्हणाली. तिने चष्मा उचलला आणि ती गेली.

आता हसू नका. मीसुद्धा आधी हसले. अकरा टाक्यांपायी नव्वद माणसांचं प्रभुभोजन अडायचं म्हणजे राईचा पर्वतच झाला. पण तिला कोणी गप्प बसवलं नाही. बिशपांनी टोपी उचलली आणि ते म्हणाले, "मग आपण थांबू." ते स्वतः गाई पाळणारे, आढेवेढे घेणं त्यांना जमत नाही.

पानगळीत पुन्हा सभा भरली. या वेळी व्हेर्ना आधीच बोलली. "मी माफीचं पत्र पाठवलंय."

"पाठवलंय," एल्टा म्हणाली. "त्यात लिहिलंय, तुला वाईट वाटलं असेल तर क्षमा कर. वाटलं असेल तर! मी काय नाटक करत होते?"

पुन्हा प्रभुभोजन नाही. मी माळ्यावर सुकत राहिले. माझ्या पट्ट्यांत फटी पडल्या.

पहिल्या बाकावर व्हेर्नाची आई सालोमीबाई बसायची. वय एक्याण्णव, छाती कफाने भरलेली. त्या सभेनंतर एक बाई तिला म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी तरी या दोघींनी मिटवायला हवं. तुम्ही किती दिवस वाट बघणार?"

"माझं नाव घेऊन कोणी काही मिटवू नका," म्हातारी खोकत म्हणाली. "मनात नसलेल्या शांतीची भाकर माझ्या घशाखाली उतरायची नाही. आणि व्हेर्ना, तू इकडे बघ. तुला टाके घालायला मी शिकवलं. त्याचा एवढा ताठा चढेल असं वाटलं असतं, तर दुधाच्या बादल्या घासायला बसवलं असतं."

जानेवारीत सालोमीबाई गेली. प्रभुभोजन न घेताच गेली. त्या दिवशी मला या माणसांचा राग आला, हे कबूल करते. एका म्हातारीपुढे तरी नियम वाकवायला काय हरकत होती? पण तो वाकवू नका म्हणणारी तीच होती, आणि ते आठवलं की माझा राग कुठे टेकवावा हे मला कळेना.

वसंतातल्या सभेत व्हेर्ना आपली पाळी येण्याआधीच उभी राहिली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"टाके सैल नव्हते," ती म्हणाली. "लांब होते, पण घट्ट होते. त्या गोधडीखाली कोणाला थंडी वाजली नसती. ती माझ्या घरून जाणार होती आणि लोक मला नावं ठेवतील असं मला वाटलं. आणि मी एल्टा घरी जायची वाट पाहिली. म्हणजे हे वाईट आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. आई विचारत राहिली, मी तिलाही सांगितलं नाही."

मग एल्टा म्हणाली, "मी शांतीत आहे." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या आईला भेटायला मी यायला हवं होतं. तू दार उघडशील म्हणून आले नाही. तेवढं तू मला माफ कर."

आणि मग, मित्रांनो, मला तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवलं, पट्ट्या फुगून फटी मिटल्या आणि मी खाली आले. सालोमीबाईची जागा रिकामी नव्हती. तिच्यामागच्या सगळ्या बायका वयाप्रमाणे एकेक जागा पुढे सरकल्या होत्या. त्यामुळे जोड्याही बदलल्या. कित्येक वर्षं एल्टाची जोडी पलीकडच्या शेजारणीशी पडायची. त्या दिवशी ती व्हेर्नाशी पडली. हे कोणी जुळवलं नव्हतं. बाकावर सगळ्यांच्या ते एकदमच लक्षात आलं, आणि माझ्या कड्यांपर्यंत शहारा गेला.

दोघी एकदमच खाली बसायला निघाल्या. व्हेर्नाने आधी गुडघे टेकले, पण एल्टाने तिला दंडाला धरून उठवलं आणि बाकावर बसवलं. तिच्या सुजलेल्या बोटांनी व्हेर्नाचा मोजा निघेना. व्हेर्नाचे हात मदतीला पुढे आले, हवेत थांबले, आणि तिने ते मांडीवर परत ठेवले. मोजा निघेपर्यंत ती तशीच बसली. मग एल्टाने तिचा पाय माझ्यात घेतला आणि पाणी घातलं, पुन्हा घातलं.

"पुरे गं," व्हेर्ना पुटपुटली. तिचा चेहरा भिजला होता. "मागच्या थांबल्यात."

"थांबू देत," एल्टा म्हणाली. "वर्षभर थांबल्यात."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं आमच्यासारख्यांनी सांगायचं असतं. माझं तेवढ्यावर भागत नाही. तुमच्या बाकावर कोणी 'मी शांतीत नाही' म्हणालं, तर जेवणाची घाई करू नका. त्याच्यासाठी थांबा. थांबणं महाग पडतं, कधी कोणी वाट पाहता पाहता निघून जातं, हे मी पाहिलंय. तरीही थांबा.