गाडीला तेल पाजणारी माणसं

"जमिनीवर लाल ठिपका दिसला की गाडीला थोडं तेल पाजायचं. आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस, की भंगारवाला दारात उभा!"

हे सांगताना सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून इस्पितळात नेत होते. पाय मोडला होता, पण जीव अडकला होता तो आपल्या जुन्या गाडीत. "घरी येईन ती तिच्यातूनच. आणि न्यायला तूच ये. माझी दोन्ही मुलं फार जोरात चालवतात." सून "हो आई" म्हणाली. आणि एकदा तिनं हो म्हटलं, की ते देवासमोर म्हटल्यासारखंच.

गाडी सासूबाईंपेक्षा वयानं लहान, दुखण्यांनी मोठी. गिअर आपोआप बदलणारी, आणि त्या गिअरचं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल. सून रोज आंघोळ झाली की चहाच्याही आधी गॅरेजमध्ये जायची. खाली ठिपका दिसला की नरसाळं लावून अर्धी वाटी तेल ओतायची. पट्टी बुडवून मापायचं तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि त्या इंजिनानं एक खोकला काढला की शेजारचीही उठून बसतात. मग गुपित कसलं? म्हणून सगळा कारभार अंदाजपंचे.

पण नवल असं, की पाजावं तेवढी गाडी जास्तच गळायला लागली. ठिपक्याचा डाग झाला, डागाचं थारोळं झालं. नवरा ती घेऊन कामावर जाऊन आला की गॅरेजची फरशी बघवत नसे.

"बस झालं," एकदा जेवताना तो म्हणाला. "शनिवारी भंगारवाला येतोय."

"आणि दादा, आईला काय सांगणार?" धाकट्या दिरानं विचारलं.

"सांगेन, म्हातारी झाली होती, गेली."

"कोण?"

"गाडी रे, गाढवा!"

सुनेला एकच घोर लागला. आई यायच्या आधीच गाडी गेली, तर त्यांना तोंड कसं दाखवायचं?

शनिवारी उजाडताच ती बाटली घेऊन गॅरेजमध्ये गेली. बॉनेट उघडतेय तोच पावलं वाजली. ती झटकन जुन्या लोखंडी कपाटामागे शिरली. दीर आला. पायात नुसते मोजे, शर्टाखाली काहीतरी फुगलेलं. त्यानं पोटातून बाटली काढली आणि गाडीला म्हणाला, "घे गं बाई, आज तरी धर." गटगट ओतलं. तेवढ्यात पुन्हा पावलं! दिरानं कपाटामागे उडी मारली, ती थेट सुनेच्या पायावर.

"वहिनी?"

"श्श!"

नवरा आला. हातात आख्खा डबा. इकडेतिकडे बघून तो गाडीच्या कानात सांगावं तसं बोलला, "शहाणी ना तू? आजचा दिवस गळू नकोस. मी भंगारवाल्याला सांगतो, विचार बदलला म्हणून."

दिराला हसू आवरेना. ते नाकातून निसटलं. नवरा दचकला, डबा पायावर उपडा, बूट लाल.

"चोर! चोर!"

"चोर कसला, तुझा सख्खा भाऊ!"

"आणि ही कोण?"

"मी... सहज आले होते," सून म्हणाली. मग तिलाही हसू फुटलं, आणि तिघंही फरशीवर बसून पोट धरधरून हसले. आईनं तिघांनाही एकच सांगितलं होतं, आणि तिघांनीही ते इमानेइतबारे पाळलं होतं.

नवऱ्यानं फोन लावला. "आई, तू सगळ्यांनाच सांगून ठेवलंस?"

"मग? एकट्यादुकट्यावर भरवसा ठेवायला मी काय वेडी आहे? पण पट्टी कोण बघतं?"

तिघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

"कुणीच नाही? अरे देवा! तिघांच्या हातून पोटभर खाल्ल्यावर ती ओकणार नाही तर काय करेल? गरम करा, इंजिन चालू ठेवून मापा, आणि जास्तीचं काढा. मला आज दुपारी सोडतायत."

गाडी चार गल्ल्या फिरवून आणली, चालू ठेवूनच पट्टी काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर, आणि वर फेस! दिरानं माशांच्या टाकीची नळी आणि झाडांना औषध घालायची मोठी सिरिंज आणली. मग सुरू झालं ऑपरेशन. नवरा म्हणे "ओढ", दीर म्हणे "दम धर", सून म्हणे "हळू, तिला दुखेल." खुणेपर्यंत तेल उतरलं. धार थांबली. अधूनमधून एक थेंब पडत राहिला, पण एवढं वय झालं की एवढं चालायचंच.

भंगारवाला आला, तेव्हा त्याला लोखंडी कपाट देऊन वाटेला लावलं. तो बिचारा तेही खुशीत घेऊन गेला.

दुपारी गाडी कोण चालवणार, यावर भाऊ जुंपले.

"मी मोठा!"

"पण लायसन्स आधी कुणाला मिळालं?"

"मिळालं कसं, तेही सांग ना सगळ्यांना!"

सुनेनं साबण लावून हात धुतले. आईंच्या पायाखाली द्यायला दोन उशा मागच्या सीटवर ठेवल्या. फडताळावरची किल्ली उचलली. दोघंही अजून हातवारे करून भांडत होते. तिनं काच वर केली, आरशात बघून गाडी सावकाश मागे घेतली, आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागली.